आपल्यात एक नंबर कोण? बोलरांची यादी करायची माझी पद्धत

टेनपिन बोलिंगच्या लीगच्या तक्त्यात ज्याचा अ‍ॅव्हरेज सगळ्यात वर, तोच सगळ्यात चांगला बोलर, हे आधी डोक्यातून काढून टाका. त्या हॉलमध्ये, लेनवरच्या त्या तेलावर, त्या सीझनला त्याने सगळ्यात जास्त पिना पाडल्या, एवढंच तो तक्ता सांगतो.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, बुधवारच्या रात्रीच्या लीगची सेक्रेटरी आहे आणि पेशाने हिशेबनीस. सेंट्रल जर्सीतल्या तीन-चार हॉलमध्ये आपली देशी मंडळी विखुरलेली आहेत. मराठी, गुजराती, तेलुगू, दोन-चार पंजाबी. या सगळ्यांची मिळून एक यादी कर, असं काम माझ्या गळ्यात पडलं ते एक्सेल उघडायला न घाबरणारी मी एकटीच होते म्हणून. आता दर वर्षी करते. तुमच्या गावात, मग ते पुणं असो की टोरांटो, कुणाला असली यादी करायची असेल तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

ज्यांनी टेनपिन फक्त मॉलमध्ये वाढदिवसाला भाड्याचे बूट घालून खेळलंय, त्यांच्यासाठी दोन ओळी. दहा फ्रेम, प्रत्येकीत दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक: दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. दुसऱ्या चेंडूत उरलेल्या पाडल्या तर स्पेअर: दहा अधिक पुढचा एक चेंडू. दोन्ही जमलं नाही तर ओपन फ्रेम, जेवढ्या पिना पडल्या तेवढेच गुण. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर आला तर जादा चेंडू मिळतात, म्हणून सलग बारा स्ट्राइक मारले की ३००, त्याच्या वर काही नाही.

पहिलं काम म्हणजे मोजायचं काय ते ठरवणं. मी एकच प्रश्न घेते: उद्या अनोळखी हॉलमध्ये, हँडिकॅपशिवाय, सगळ्यांना एकाच लेनच्या जोडीवर उभं केलं तर कोण जिंकेल? आयुष्यात किती ३०० मारले, बोटात यूएसबीसीची (अमेरिकेतल्या बोलिंगची राष्ट्रीय संस्था) अंगठी आहे का, वीस वर्षांपूर्वी कोणाला हरवलं होतं, हे सगळं चहाबरोबर ऐकायला छान. यादीत घेत नाही. हँडिकॅपही नाही. आमच्याकडे २२० मधून तुमचा अ‍ॅव्हरेज वजा करून उरलेल्याच्या ९० टक्के हँडिकॅप मिळतो, म्हणजे १६० वाल्याला दर गेमला ५४ पिना न पाडताच मिळतात. लीग चुरशीची राहावी म्हणून ते बरोबरच आहे, पण कोण किती चांगला हे झाकायलाच ते केलेलं असतं. त्याच हँडिकॅपसाठी सप्टेंबरात मुद्दाम पिना सोडून अ‍ॅव्हरेज खाली ठेवणारेही असतात. त्याला सँडबॅगिंग म्हणतात आणि प्रत्येक लीगमध्ये एक तरी असा महाभाग असतोच. आमची यादी सुरू झाल्यापासून ते जरा कमी झालंय, कारण वर नाव यायची हौस हँडिकॅपच्या लोभापेक्षा मोठी निघाली.

मग माहिती गोळा करा. अ‍ॅव्हरेज नको, एकेक गेम हवा. माझ्या तक्त्यात दर गेमला एक ओळ: तारीख, हॉल, लेनची जोडी, रात्रीतला कितवा गेम, स्कोअर, ओपन फ्रेम किती, आणि एकच पिन उभी राहिली असे स्पेअर किती आले, त्यातले किती घेतले. स्कोअर लीगच्या साप्ताहिक पत्रकात मिळतो. बाकीच्यासाठी गेम संपला की वरच्या स्क्रीनचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. पंधरा सेकंदांचं काम आहे. जो फोटो टाकणार नाही त्याचा गेम धरणार नाही, असा नियम मी केला आणि आठवडाभरात सगळ्यांना कॅमेरा सापडला.

दोन प्रकारचे स्कोअर काढून टाका. एक, गैरहजर माणसाच्या नावावर लीग जो स्कोअर लावते तो. बहुतेक ठिकाणी अ‍ॅव्हरेज वजा दहा लावतात. तो कोणी खेळलेलाच नसतो. दुसरे, आधी येऊन एकट्याने उरकलेले गेम. ते खरे असतात, पण त्या दिवशी लेन कशा होत्या हे ताडून बघायला बाजूला दुसरं कोणी नसतं.

आता मुख्य भाग. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात.

बोलिंगच्या लेनवर तेल असतं. फाउल लाइनपासून, म्हणजे चेंडू सोडायच्या रेषेपासून, पुढच्या पिनपर्यंत ६० फूट, त्यातल्या साधारण ४० फुटांवर मशीन दिसणारही नाही इतका पातळ थर पसरतं. हे तेल सगळीकडे सारखं नसतं. लेनच्या रुंदीत ३९ फळ्या. रोजच्या लीगसाठी जो हाउस शॉट घालतात त्यात मधल्या फळ्यांवर कडेच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त तेल असतं. त्यामुळे होतं असं, की उजव्या हाताच्या माणसाने चेंडू जरा बाहेर टाकला तर कडेच्या कोरड्या भागावर तो वळून परत येतो, आणि जरा आत टाकला तर मधल्या तेलावर घसरत सरळ जातो. दोन्ही वेळा चेंडू पोचतो पॉकेटमध्येच, म्हणजे पुढची पिन आणि तिच्या बाजूची पिन यांच्या फटीत. चुका लेनच सांभाळून घेते. आपल्या क्रिकेटच्या भाषेत ही पाटा खेळपट्टी. स्पोर्ट पॅटर्नमध्ये, म्हणजे तेल घालायच्या कठीण प्रकारात, हे प्रमाण तिपटीच्या आसपास किंवा त्याहून कमी येतं आणि मग दोन फळ्यांची चूकही अंगाशी येते. उगाच नाही यूएसबीसी स्पोर्ट लीगचे अ‍ॅव्हरेज साध्या लीगशी जुळवायला वेगळं कोष्टक वापरत.

हाउस शॉटही सगळीकडे सारखा नसतो. एक हॉल दिलदार, दुसरा कंजूष. आमच्याकडे रूट १ च्या बाजूला एक असा हॉल आहे की तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण स्वतःला पार्कर बोन समजायला लागतो. (हा बोन आपल्या न्यू जर्सीचाच, डावखुरा, पीबीए या व्यावसायिक बोलरांच्या संघटनेच्या टूरवर ३० हून जास्त स्पर्धा जिंकलेला.) त्या हॉलमधला २०५ आणि दुसरीकडचा २०५ एका रांगेत मांडता येत नाही.

उपाय सोपा आहे. दोन्ही हॉलमध्ये नियमित खेळणारी माणसं शोधा. सहा-सात तरी हवीत. प्रत्येकाचा दिलदार हॉलमधला अ‍ॅव्हरेज घ्या आणि त्यातून आपल्या मूळ हॉलमधला वजा करा. समजा फरक आले १४, ९, ११, १७, ८, १२ आणि उणे ३. चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला घ्या: ११. इथे सरासरी काढू नका, कारण एखादा उणे तीनवाला सगळं खाली ओढतो. (तो बहुतेक वेळा डावखुरा असतो, त्याची लेनच निराळी.) आता त्या हॉलमधल्या प्रत्येक गेममधून ११ वजा करायचे. कंजूष हॉल असेल तर तसेच मिळवायचे.

हीच गोष्ट एकेका रात्रीसाठीही करा. कधी तेलाचं मशीन बिघडलेलं असतं, कधी आमच्या आधी दुपारच्या ज्येष्ठांच्या लीगने लेन कोरड्या केलेल्या असतात. त्या रात्री आलेल्या नियमित खेळाडूंनी आपापल्या अ‍ॅव्हरेजपेक्षा किती कमी-जास्त मारले, त्याची सरासरी काढा. समजा सगळे मिळून अधिक ९ आले, तर ती रात्र सोपी होती. १९८ अ‍ॅव्हरेजवाल्याने २२४ मारले तर त्याचे खरे अधिक २६ नव्हेत, अधिक १७. दहापेक्षा कमी नियमित माणसं असतील तर ही दुरुस्ती करू नका, आकडा भरवशाचा येत नाही.

डावखुऱ्यांबद्दल दोन शब्द. त्यांच्या बाजूला कमी लोक खेळतात म्हणून त्यांचं तेल जास्त टिकतं, तेव्हा त्यांचे गुण कापा, असं म्हणणारे दर वर्षी भेटतात. मी कापत नाही. ज्या दिवशी त्यांच्या बाजूला मार्गच सापडत नाही त्या दिवशी त्यांना तेल मोडून द्यायलाही कोणी नसतं, हे ही मंडळी सोयीस्कर विसरतात. बायकांची वेगळी यादी करा म्हणणारेही असतात. त्यांना मी बोलर केली क्युलिकचं नाव सांगते. ती इथल्याच युनियन गावची. २०१० साली तिने पीबीएच्या टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या अंतिम सामन्यात ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं हरवलं. पीबीए टूरवरची स्पर्धा जिंकणारी ती पहिली बाई. यादी एकच.

यानंतर नव्याने येणाऱ्यांचा प्रश्न येतो. ऑक्टोबरात कोणीतरी नवा येतो, दोन रात्री खेळतो, सहा गेमचा अ‍ॅव्हरेज २०५, आणि त्याची बायको विचारते की हा पहिला का नाही. यूएसबीसीसुद्धा वर्षाचा अ‍ॅव्हरेज २१ गेमशिवाय मान्य करत नाही. पण मला माणसाला यादीबाहेर ठेवायला आवडत नाही, म्हणून मी प्रत्येकाच्या खात्यात १५ काल्पनिक गेम टाकते, लीगच्या एकूण सरासरीचे. आमची सरासरी १६५ धरा. नव्या माणसाचे सहा गेम २०५ चे आणि पंधरा १६५ चे, मिळून २१ गेमचे येतात १७६. साठ गेम खेळून १९२ ठेवणाऱ्याचे त्याच हिशेबाने येतात १८७ च्या जरा खाली. नवा माणूस खरंच २०५ चा असेल तर डिसेंबरपर्यंत आपोआप वर येतो. नसेल तर कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही.

आता स्पेअर. स्ट्राइकचा आवाज मोठा, सगळे उठून टाळी देतात, पण आमच्या पातळीवर क्रम ठरतो तो स्पेअरवर. हिशेब करून बघा. पूर्ण गेमभर दर फ्रेमच्या पहिल्या चेंडूत नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक पिन एकदाही घेतली नाही तर गेम ९०. तीच एक पिन दर वेळी घेतली, आणि शेवटच्या जादा चेंडूवर परत नऊ, तर गेम १९०. स्ट्राइक एकही नाही आणि फरक शंभराचा. म्हणजे सुटलेला एकेक सोपा स्पेअर दहा-अकरा पिनांना पडतो.

आमच्यात एक नर्सबाई आहेत, रात्रपाळी करून येतात. चेंडू फारसा वळत नाही, टर्की म्हणजे सलग तीन स्ट्राइक दिसले तर आम्ही फोटो काढतो. पण कोपऱ्यातली दहा नंबरची पिन त्यांच्याकडून क्वचितच सुटते. त्यासाठी त्या वेगळा, न वळणारा प्लास्टिकचा चेंडू ठेवतात आणि लेनच्या तिरक्या रेषेत सरळ टाकतात. आमचे हुकवाले, म्हणजे चेंडू खूप वळवणारे, वीर त्याच पिनवर दोनशे डॉलरचा चेंडू फिरवत नेतात आणि गटारात घालतात.

म्हणून तक्त्यात एक रकाना फक्त एका पिनच्या स्पेअरचा. किती आले, किती घेतले, टक्केवारी. स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना, यात धरायचे नाहीत, विशेषतः सात-दहा. दोन टोकांच्या त्या दोन पिना टीव्हीवर पहिल्यांदा घेतल्या मार्क रॉथने, १९८० साली, आणि त्यानंतर २०२१ पर्यंत टीव्हीवर आणखी फक्त तिघांना जमलं. सारी व्यावसायिक मंडळी. आपल्या देसाईकाकांपासून पटेलभाईंपर्यंत कोणाचीही लायकी त्यावर ठरवू नये.

हा रकाना मी थेट गुणांत मिसळत नाही, कारण स्पेअर सुटल्याचा फटका स्कोअरमध्ये आधीच बसलेला असतो. दोनदा शिक्षा कशाला? तो मी भविष्य सांगायला वापरते. दोघांचा आकडा सारखा असेल तर ज्याची टक्केवारी जास्त त्याला वर. अनोळखी हॉलमध्ये स्ट्राइक कमी होतात, सरळ टाकलेला स्पेअर तेलावर फारसा अवलंबून नसतो.

बरोबरी सोडवायला दुसरी गोष्ट बघते ती तिसरा गेम. पहिल्या गेमला लेन ताज्या असतात. दोन तास दहा जणांचे चेंडू एकाच वाटेने गेले की तिथलं तेल उडतं, चेंडू लवकर वळायला लागतो आणि पॉकेटऐवजी पुढच्या पिनच्या नाकावर आपटतो. जो समजून पाय दोन-चार फळ्या डावीकडे सरकवतो, चेंडू बदलतो, तो टिकतो. बाकीचे लेनला शिव्या देतात. प्रत्येकाच्या तिसऱ्या गेमच्या अ‍ॅव्हरेजमधून पहिल्याचा वजा करा. कोणाचं डोकं चालतं आणि कोणाचा नुसता हात, ते दिसतं.

दबावाखाली कोण कसा खेळतो, याला मात्र मी शून्य गुण देते. यावरून सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत. २०१२ ची बोलिंगची यूएस ओपन इथेच नॉर्थ ब्रन्सविकला झाली, कॅरोलियर हॉलमध्ये. पीट वेबरने शेवटच्या चेंडूवर स्ट्राइक मारून माइक फेगनला २१५-२१४ असं हरवलं आणि मग जे ओरडला ते सगळ्या जगाने पाहिलं. त्याचं उदाहरण मला हजारदा देतात. पण त्यातली एक पिन डुलून उभी राहिली असती तर वेबर काय वाईट बोलर ठरला असता? आमच्या लीगमध्ये एकेकाच्या वाट्याला सीझनभरात खरोखर निकाल ठरवणारे चेंडू येतात मोजके. एवढ्याशा संख्येवरून कोणाचं काळीज मोजायचं नसतं.

संख्येचंच निघालं म्हणून. एकाच माणसाचे गेम खाली-वर होतात, आमच्या पातळीला साधारण २५ पिनांनी. तीन गेमच्या सिरीजचा अ‍ॅव्हरेज मग १४ पिनांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, २१ गेमचा पाच-साडेपाचांनी, ६० गेमचा तीनांनी. म्हणजे दोघांचे साठ-साठ गेम झाले तरी त्यांच्यातला चार-पाच पिनांचा फरक नुसता नशिबाचा असू शकतो. म्हणून मी एक, दोन, तीन असे क्रमांक लावत नाही. पंगती लावते. पाच पिनांच्या आतले सगळे एका पंगतीत, आणि पंगतीतला क्रम स्पेअर आणि तिसऱ्या गेमवर.

गेल्या यादीत पहिल्या पंगतीत कोण कोण आलं ते ऐका. एक गृहस्थ, अ‍ॅव्हरेज २१२, दोन ३०० नावावर, सगळे गेम त्या दिलदार हॉलमधले. अकरा गेले, राहिले २०१. नर्सबाईंचा १८७, पण आमच्याकडच्या सगळ्यात कंजूष हॉलमध्ये, त्याचे नऊ मिळवले, १९६. काल्पनिक गेम धरल्यावर फरक आणखी थोडा घटला. एकच पंगत, आणि स्पेअरच्या जोरावर बाई वर. गृहस्थांनी माझ्याकडे अख्खा तक्ता मागितला, मी दिला, त्यांच्याच कंपनीतल्या एका आकडेवारीच्या जाणकाराने तपासला. शेवटी त्यांनीच सुचवलं की हॉलवाल्याला सांगून एक रात्र स्पोर्ट पॅटर्न घालून घ्या. घातला. ते दीडशेच्या घरात आले, बाई १७३. आता दर वर्षी अशी एक रात्र ठेवतो आणि तिथले गेम दुप्पट धरतो. तुमचा हॉलवाला तयार असेल तर हे जरूर करा. मशीनमध्ये पॅटर्न निवडायचा असतो, त्याला जड नसतं, फक्त लीगच्या आधी एक तास लेन मोकळ्या ठेवाव्या लागतात.

यादी लावताना पहिल्या तीन पंगतीच जाहीर करा. बाकीच्यांना त्यांची त्यांची ओळ खासगीत पाठवा, त्यात एका पिनच्या स्पेअरची टक्केवारी ठळक. लोक क्रमापेक्षा तीच जास्त वाचतात आणि पुढच्या आठवड्यात सरावाला येतात. महिन्यातून एकदाच बदला, दर आठवड्याला हलणारी यादी कोणी गंभीरपणे घेत नाही. मागच्या सीझनचे गेम अर्ध्या वजनाने ठेवा, त्याच्या मागचे टाकून द्या.

आणि तुमच्या भागातला एखादा हॉल दोरीच्या पिनांवर गेला असेल, वर दोरी बांधलेल्या आणि तिनेच ओढून उभ्या होणाऱ्या पिना, तर तिथले गेम या यादीत आणूच नका. त्या पिना वेगळ्या उडतात, एकमेकींना कमी पाडतात, स्ट्राइक कमी होतात. यूएसबीसीनेही २०२३ पासून त्यांना वेगळा प्रकार मानलाय. आमच्याकडच्या एका हॉलमध्ये या उन्हाळ्यात तशी मशीन बसताहेत म्हणे. तसं झालं तर सप्टेंबरात त्या लोकांचा वेगळा तक्ता उघडीन. वरची अकरा-नऊची दुरुस्ती मात्र तिथे वापरणार नाही, ती लेनवरच्या तेलासाठी आहे.